आजींच्या गळ्यातलं बटण

बडोद्याचा दांडिया बाजार. जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर आजी एकट्याच राहतात. मुलगा पुण्याला, लेक परदेशी. गळ्यात पोवळ्याच्या माळेबरोबर एक पांढरं लॉकेट, त्यावर मदत बोलवायचं लाल बटण.

लॉकेटच्या आत फारसं काही नाही. एक चपटा गोल सेल, पेराएवढं सर्किट, आणि त्याच पट्टीवर नागमोडी छापलेली तांब्याची रेघ. हीच अँटेना. बटण दाबलं की लॉकेट आपला ओळख क्रमांक रेडिओलहरींवरून पाठवतं, तोही लागोपाठ अनेकदा. एखादा जरी पोचला, तरी भागतं.

तो पकडणारा डबा विजेवर चालतो. रिसीव्हर, मोबाइलचं सिम, स्पीकर, माइक, भोंगा, सगळं त्यातच. क्रमांक ओळखीचा निघाला की डबा यादीतले फोन ओळीने लावत सुटतो. यादीत पहिला नंबर मुलाचा नाही, समोरच्या बेनचा आहे. बरोबरच आहे, पुण्याहून काही दार उघडता येत नाही.

खरी परीक्षा न्हाणीघरात. पाय घसरायची भीती तिथेच जास्त, आणि मध्ये जाडजूड भिंती, शिवाय लोखंडी कपाट. मोकळ्यावर लांब जाणारी लहर इथे लवकर दमते. बसवायला आलेल्या मुलाने आजींना न्हाणीत उभं करून बटण दाबायला लावलं. दिवाणखान्यातला डबा गप्पच! शेवटी तो मधल्या खोलीत आणावा लागला. लॉकेटमध्ये पाणी जात नाही, तरी आजी ते आंघोळीला काढूनच ठेवायच्या. ही सवय सोडवायला बेनलाच मध्ये पडावं लागलं.

विकणारे बटण दाबून दाखवतात. आपण विचारायचं ते न दाबलेल्या वेळेबद्दल. चांगलं लॉकेट ठरावीक वेळाने आपणहून हजेरी लावतं, सेल किती उरलाय तेही कळवतं. हजेरी चुकली की डबा बोंब मारतो. ही सोय नसेल, तर सेल संपल्याचं कळणार नेमकं गरजेच्या वेळी.

2024च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा कित्येक भागांत वीज गेली होती. अशा वेळी डब्यातली बॅटरी काही तास निभावते. पण टॉवरच बंद पडला, तर सिमचा काही उपयोग नाही. मग उरतो भोंगा. त्याचा आवाज मुद्दाम मोठा ठेवलाय, बेनच्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिटीवरही ऐकू जाईल इतका.