धुराचा आवाज

मित्रहो, संध्याकाळी आपल्या नागपुरात बर्डीवर, व्हरायटी चौकात उभं राहिलं की कान आणि नाक दोघंही एकदमच कुरकुरतात. त्यावरून आपण ठरवून टाकतो की जिथे गोंगाट जास्त, तिथली हवा वाईट. हे कितपत खरं आहे, एवढंच आज बघू.

आपल्याकडे हवा मोजताना पीएम २.५ बघतात, म्हणजे अडीच मायक्रोमीटरहून बारीक कणांचं वजन. आपलं मानक घनमीटरमागे २४ तासांना ६० मायक्रोग्रॅम आणि वर्षाच्या सरासरीला ४०. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून वर्षाला ५ म्हणते, ते सध्या बाजूला ठेवू. मुद्दा असा की हे वजन एकट्या रस्त्याचं नसतं. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांच्या चिमण्या, जाळलेला कचरा, हिवाळ्यातल्या शेकोट्या, शिवाय हवेतल्या हवेत वायूंपासून तयार झालेले कण, असं सगळं त्यात येतं. यातल्या कशाचाच आवाज वर्धा रोडवर येत नाही. त्यामुळे पीएम २.५ आणि डेसिबल यांची जोडी ढिलीच राहते.

पण १०० नॅनोमीटरखालचे अतिसूक्ष्म कण आणि डिझेलची काजळी घेतली तर चित्र बदलतं. हे कण इंजिनातून ताजे बाहेर पडतात. वजन नगण्य, संख्या मात्र अफाट. रस्त्यापासून दोन-तीनशे मीटर आत गेलं की त्यांचं प्रमाण आसपासच्या हवेइतकं होतं. आवाजही असाच अंतरागणिक विरत जातो. बेल्जियममधल्या गेंट शहरात संशोधकांनी सायकलवर आवाज आणि काजळी दोन्ही मोजली, आणि सायकलस्वाराच्या वाट्याला किती काजळी येते याचा अंदाज आवाजावरून बांधता येतो, असं दाखवलं. खुबी अशी की त्यांनी आवाजाच्या पट्ट्या वेगळ्या केल्या. इंजिनाची घरघर खालच्या पट्टीत असते, टायर घासल्याचा आवाज साधारण हजार हर्ट्झच्या आसपास. सिग्नल सुटल्यावर भरलेला ट्रक पहिल्या गिअरमध्ये ओढू लागतो, तेव्हा घरघर आणि काजळी एकदमच वाढतात.

आता हेच यंत्र नागपुरात आणलं तर? पहिला घोळ घालणार हॉर्न. हॉर्नला धूर नसतो, हो! (हशा) डेसिबलचा हिशेब गुणाकाराचा आहे: १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. एका मिनिटाचा आवाज ७० डेसिबल आहे आणि त्यात एकच सेकंद, जवळून, १०० डेसिबलचा हॉर्न वाजला, तर त्या मिनिटाची सरासरी ८२च्या वर जाते. हवा तीच, वाहनं तेवढीच. सिग्नल लाल असताना मागून पों-पों करणाऱ्याला विचारावंसं वाटतं, काहून रे भाऊ, हॉर्ननं सिग्नल हिरवा होते काय? त्याच्यामुळे आपलं संशोधनही बिघडतं. सुदैवानं हॉर्नचा जोर वरच्या पट्टीत असतो, तेव्हा तो बराचसा गाळता येतो.

दुसरा घोळ आपल्या सिमेंट रस्त्यांचा. काँक्रीटवर टायरचा आवाज डांबरापेक्षा सहसा जास्त येतो, म्हणजे धूर न वाढता आकडा वाढतो. ई-रिक्षाचं उलट: आवाज नाही, धूर नाही, पण टायर आणि ब्रेकची झीज आहेच, आणि रस्त्याच्या कडेची माती तीही उडवतेच.

डिसेंबरच्या पहाटेचं तर वेगळंच. जमिनीलगत थंड हवा आणि वर उबदार थर असला की कण खाली कोंडतात. तोच थर ध्वनीला खाली वाकवतो, म्हणून रेल्वेची शिट्टी एरवीपेक्षा लांबवर ऐकू येते. दोन्ही आकडे एकदम चढतात, आणि रस्त्यावर एकही जादा गाडी नसते! अशा दिवसांची आकडेवारी सरळ मिसळली तर निष्कर्ष फसवा निघेल.

डॉक्टरांची पंचाईत याहून मोठी. आवाज आणि कण दोन्ही हृदयाला त्रास देतात आणि येतात एकाच रस्त्यावरून, मग रक्तदाब वाढला तो कशानं? मेडिकल किंवा मेयो या रुग्णालयांच्या परिसरासारख्या शांतता क्षेत्रात २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार दिवसा ५० डेसिबलची मर्यादा आहे. माझी सूचना साधी आहे: अशा ठिकाणी हवा मोजणाऱ्या यंत्राशेजारीच पट्टीवार आवाज नोंदवणारं यंत्र बसवा, आणि काजळीही मोजा. वर्षभराची नोंद हाती आली की घरघर किती, हॉर्न किती आणि कोराडीकडून आलेलं किती, याची फोड करायला निदान सुरुवात होईल.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.