हॉब्सनचा घोडा

नमस्कार मंडळी.

इथे इंग्लंडमधल्या ऑफिसांत आणि बातम्यांत 'हॉब्सन्स चॉइस' हे शब्द अजून ऐकू येतात. दोन वाईट गोष्टींपैकी एक पत्करायची, असा त्यांचा अर्थ आपल्यातले पुष्कळ जण घेतात, इंग्रजही घेतात. पण तशा पेचाला आपल्याकडे 'इकडे आड, तिकडे विहीर' आहेच. हॉब्सनकडे आड एकच होता. घ्यायचं तर हेच घ्या, नाहीतर चालू लागा.

हा हॉब्सन खरा माणूस, केंब्रिजचा. नाव थॉमस. केंब्रिज ते लंडन माल आणि पत्रं पोचवायचा त्याचा धंदा, आणि जोडीला विद्यापीठातल्या पोरांना घोडे भाड्याने द्यायचा. 1712 साली लंडनच्या 'स्पेक्टेटर' पत्रात त्याची हकीकत आली, तीत तबेल्यात 40 घोडे असल्याचं म्हटलंय. आता पोरांना मोकळीक दिली, तर जो तो चपळ घोडाच मागणार. तीच चार जनावरं रोज पिटाळली जाणार आणि बाकीची दाणा खात उभी राहणार. म्हणून त्याचा नियम: दाराशी जो उभा, तोच न्यायचा. गिऱ्हाईक कितीही मोठ्या घरचं असो. अशाने प्रत्येक घोड्याला पाळीने काम आणि पाळीने विसावा मिळे.

मला हा भाग फार मोलाचा वाटतो. आज या शब्दांत फक्त अडवणूक ऐकू येते. मुळात तो मुक्या जनावरांची काळजी घेणारा नियम होता. माणूसही दानतीचा. बाहेरच्या झऱ्यांचं पाणी केंब्रिज शहरात आणणारा पाट 1614 पर्यंत पुरा झाला, त्याच्या डागडुजीसाठी हॉब्सनने जमीन ठेवली. पाटाला आजही त्याचंच नाव आहे. 1631 च्या जानेवारीत, ऐंशी उलटल्यावर तो वारला. प्लेगमुळे त्याच्या लंडनच्या फेऱ्या तेव्हा बंद होत्या. इंग्रज कवी मिल्टन त्या वेळी केंब्रिजला शिकत होता. त्याने हॉब्सनवर दोन कविता लिहिल्या.

आता वापराचं. शाळेजवळ, आपल्याला परवडेल असं एकच घर रिकामं आहे आणि एजंट म्हणतो, संध्याकाळपर्यंत सही करा नाहीतर सोडा. हा हॉब्सन्स चॉइस. पगार कमी पण घर जवळ, की पगार जास्त पण रोज दोन तास गाडीत, असा प्रश्न पडला तर तो नव्हे. तिथे दोन घोडे उभे आहेत.