आटणारी तळी

श्रोतेहो, नमस्कार.

कॅनडाच्या सीमेला खेटून असलेलं उत्तर डकोटा हे अमेरिकेतलं राज्य. १९३६ सालच्या फेब्रुवारीत तिथल्या पार्शल गावी पारा शून्याखाली ५१ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. आणि त्याच वर्षी जुलैत, त्याच राज्यातल्या स्टील गावी, तो ४९ अंशांवर चढला. पाच महिन्यांत शंभर अंशांचा फरक! अशा मुलखात पाण्याची लहान लहान तळी टिकतात तरी कशी, ते आज सांगायचं आहे.

हा सगळा गवताळ माळ. आयोवा, मिनेसोटा, दोन्ही डकोटा आणि वर कॅनडात सस्कॅचवान, मॅनिटोबा, अल्बर्टापर्यंत पसरलेला. सुमारे दहा-बारा हजार वर्षांपूर्वी हिमनद्या मागे सरल्या. त्यांनी आणलेल्या मातीत गाडले गेलेले बर्फाचे प्रचंड गोळे वितळले, त्यांच्या जागी खळगे पडले. असे खळगे तिथे लाखोंनी आहेत. बहुतेकांना ना नदी येऊन मिळते, ना त्यांच्यातून ओढा निघतो. पाणी येतं ते मुख्यतः बर्फाचं. हिवाळ्यात वारा बर्फ लोटत लोटत खळग्यांत साठवतो. वसंतात तो वितळतो तेव्हा जमीन अजून गोठलेलीच असते, पाणी मुरत नाही, उतारावरून थेट खळग्यात उतरतं. उन्हाळ्यात मात्र पडणाऱ्या पावसापेक्षा वाफ जास्त होते. म्हणून काही खळगे महिन्याभरात आटतात, काही उन्हाळ्याच्या अखेरीस, आणि काही खोल तळी फक्त दुष्काळातच तळ दाखवतात.

आता एप्रिल महिन्यातल्या एका खळग्याशी बसा. पाणी जेमतेम घोटाभर, शेजारचं मोठं तळं अजून बर्फानं झाकलेलं. उथळ पाणी लवकर तापतं, त्यामुळे किड्यांच्या अळ्या, गोगलगायी आधी इथेच वळवळायला लागतात. बदकाची मादी डोकं बुडवून तेच टिपत असते, कारण अंड्यासाठी तिला प्रथिनं हवीत आणि कवचासाठी गोगलगायीच्या शंखातला चुना. जवळच नर पहारा देतो, दुसऱ्या जोडीला फिरकू देत नाही. म्हणून बदकांना एका मोठ्या तळ्यापेक्षा शंभर डबकी जास्त मोलाची. उत्तर अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक बदकांची पैदास या माळावर होते, ती या डबक्यांच्या जिवावर.

मग दुष्काळ म्हणजे संकटच की! बदकांसाठी त्या वर्षापुरतं खरंच. तलवार बदकं (हीच जात हिवाळ्यात सायबेरिया आणि मध्य आशियातून आपल्या जायकवाडीवरही येते) माळ कोरडा दिसला की न थांबता उत्तरेकडे, थेट अलास्कापर्यंत उडत जातात आणि तिथे त्यांची पिल्लं कमी होतात. पण खळग्याला दुष्काळ लागतोच. पाणी हटलं की चिखल उघडा पडतो, त्याला भेगा जातात, साचलेला पालापाचोळा हवा लागून कुजतो आणि खत मोकळं होतं. त्या चिखलात वर्षानुवर्षं दबा धरून बसलेलं बी असतं. पाणकणसाचं बी खोल पाण्यात नाही, अशा उघड्या चिखलातच रुजतं. फेअरी श्रिम्प नावाच्या नखाएवढ्या, कोळंबीसारख्या जीवाची अंडीही त्या धुळीत वाट बघत असतात. आपल्या सड्यांवरच्या पावसाळी डबक्यांत याच कुळातले जीव असेच उन्हाळा काढतात. पुढे पाणी परतलं की सगळं एकदम उसळतं. मग वर्षं सरतात, मस्करॅट नावाचे घुशीएवढे प्राणी पाणकणीस कापत राहतात, तळं मोकळं होत जातं, आणि पुन्हा त्याला एका दुष्काळाची गरज पडते.

उत्तर डकोटातल्या जेम्सटाउन गावाजवळच्या कॉटनवुड लेक भागात १९६७ पासून शास्त्रज्ञ काही मोजक्या खळग्यांची पाणीपातळी मोजत आले आहेत. इतक्या चिकाटीनं केलेल्या कामाबद्दल मला अपार आदर वाटतो. १९८८ ते १९९२ हा दुष्काळ त्यांनी पाहिला. १९९३ च्या उन्हाळ्यात पाऊस कोसळला आणि एक लांबलचक ओलं पर्व सुरू झालं. त्याच राज्यातलं डेव्हिल्स लेक २०११ पर्यंत तीस फुटांहून जास्त चढलं. रस्ते उचलावे लागले, चर्चेस फेरी हे गाव जवळजवळ रिकामं झालं. या ओल्या काळात पुष्कळ खळगे एकमेकांत मिसळले, खोल झाले, आटेनासे झाले. त्यांत मासे शिरले, आणि बदकांच्या पिल्लांचा घास माशांच्या तोंडी गेला.

अतिरेक या तळ्यांना नवा नाही. दुष्काळ आणि पूर आलटून पालटून येण्यावरच ती जगतात. ती फेरी अडखळली, एकाच टोकाला थांबली, की बिघडतं. हवा तापली तर बर्फ कमी साठेल, बाष्पीभवन वाढेल. २००५ साली अमेरिकी संशोधकांनी गणित मांडलं, की पश्चिमेचा भाग जास्त कोरडा पडला तर तळ्यांना पोषक हवामान पूर्वेकडे, आयोवा-मिनेसोटाच्या बाजूला सरकेल. पण तिथे तळी उरलीत कुठे? आयोवातली सुमारे नव्वद टक्के पाणथळ जमीन मका-सोयाबीनसाठी चर खणून, जमिनीखाली नळ घालून केव्हाच निचरा केलेली आहे. शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे, पण ओल्या शेतात ट्रॅक्टर रुततो, पेरणी हुकते, हेही खरं आहे.

१९५५ पासून मे महिन्यात विमानातून बदकं मोजतात. कॅनडा आणि अलास्का धरून २०१५ साली ती पाच कोटींच्या जवळ होती. २०२३ मध्ये सव्वातीन कोटी भरली.

आयोवात आता काही ठिकाणी ते नळ फोडून खळगे पुन्हा भरू दिलेत. पाणी पहिल्याच वर्षी येतं, बदकंही येतात, पाण्यातलं शेवाळ-गवत येतं. काठावरचं लव्हाळं मात्र येत नाही. पुरात लव्हाळं वाचतं हे आपण लहानपणापासून ऐकलंय, पण इतकी वर्षं नांगराखाली राहिलेल्या मातीत त्याचं बी मरून गेलेलं असतं. तिथे माणसं गुडघाभर चिखलात उतरून लव्हाळ्याची रोपं एक एक करून हातानं लावतात.

नमस्कार.