गप्पीची पिल्लं जगवायची? मग खायला घालताना हात आखडता घ्या!

(कॅमेरा टँकच्या काचेजवळ)

हे बघा, या जावा मॉसच्या, म्हणजे शेवाळासारख्या पाणवनस्पतीच्या खाली. दिसलं? दोन काळे ठिपके आहेत ना, ते डोळे. बाकीचं अंग जवळजवळ आरपार दिसतंय. हे पिल्लू जन्मून अजून तासही झालेला नाही.

नमस्कार मंडळी! गप्पी, मोली, प्लेटी, स्वोर्डटेल हे सगळे अंडी न घालता थेट पिल्लं देणारे मासे. आमच्या या मादीचं पोट कालपासून खालच्या बाजूने चौकोनी झालं होतं, शेपटीजवळचा डाग काळाभोर झाला होता आणि बाई कोपरा सोडायला तयार नव्हत्या. तेव्हाच मी म्हटलं, आज उद्यात होणार. पिल्लू गुंडाळी होऊन बाहेर पडतं, तळाकडे जातं, तिथे थोडा दम खातं आणि मग पोहायला लागतं. आकार जेमतेम 6 ते 8 मिलिमीटर. पण डोळे, तोंड, शेपूट सगळं तयार. पहिल्या दिवसापासून स्वतःचं खाणं स्वतः शोधतं.

आईचा इथे काही उपयोग नाही, उलट तिचीच भीती. तिला राक्षसीण म्हणू नका हं. समोर काहीतरी बारीक हललं की तोंडात घ्यायचं, एवढंच तिला कळतं. आपलं पिल्लू, दुसरीचं पिल्लू, असा हिशोब तिच्याकडे नाही.

म्हणून बरेच जण मादीला ब्रीडिंग बॉक्समध्ये टाकतात. मला ते फारसं पटत नाही. एवढ्याशा डब्यात ती बिथरते, पाणीही नीट खेळत नाही. त्यापेक्षा टँकमध्ये जावा मॉस किंवा हॉर्नवर्ट या पाणवनस्पतीचा गच्च पुंजका ठेवा. सगळी नाही वाचणार, पण बरीच वाचतील. सगळीच हवी असतील तर वेगळा टँक करा आणि पिल्लं तिकडे हलवताना जाळी वापरू नका. पेल्याने पाण्यासकट उचला.

आता फिल्टर. मोठ्या टँकवर हँगिंग फिल्टर असेल तर त्याच्या नळीच्या तोंडाला स्पंज लावा, नाहीतर सकाळी पिल्लं फिल्टरमध्ये सापडतील. पिल्लांच्या टँकला साधा स्पंज फिल्टर उत्तम. फक्त तो कोरा करकरीत नको. आधी काही आठवडे मोठ्या टँकमध्ये चालवलेला हवा, कारण पिल्लांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून जो अमोनिया तयार होतो तो पचवणारे जिवाणू त्या स्पंजात वाढलेले असतात. नव्या स्पंजात ते नसतात. पाणीही मोठ्या टँकचंच घ्या, तापमान 24 ते 27 अंशांच्या मधे ठेवा.

आणि आता मुख्य गोष्ट. खाणं.

माझी पहिली बॅच मी स्वतःच्या हाताने मारली. कोणीतरी सांगितलं, उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक द्या, झपाट्याने वाढतात. दिला. चिमूटभर पुरला असता, मी चांगला अर्धा चमचा घातला, वर रात्री उपाशी नकोत म्हणून आणखी थोडा. सकाळी टँकचं पाणी ताकासारखं पांढरं, आणि तीसेक पिल्लांतली चार वर येऊन तोंडं उघडत होती. बाकीची तळाला. बलक सडला, त्यावर जिवाणू माजले, त्यांनी ऑक्सिजन ओढून घेतला आणि वरून अमोनिया वाढला. मी त्यांना इतकं घातलं की त्यांना श्वास घ्यायला जागा उरली नाही.

तेव्हापासून नियम एकच. दिवसातून तीन-चार वेळा द्यायचं, पण प्रत्येक वेळी इतकंच की दोन मिनिटांत संपेल. माशांच्या खाण्याचे नेहमीचे फ्लेक्स दोन बोटांत चुरून अगदी पीठ करा आणि सुईच्या टोकावर मावेल एवढंच सोडा. हसू नका, खरंच सांगतोय.

सगळ्यात भारी खाणं म्हणजे जिवंत अर्टेमिया, खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा इवलासा जीव. एक लिटर पाण्यात साधारण 25 ते 30 ग्रॅम आयोडीन नसलेलं मीठ, त्यात चिमूटभर अर्टेमियाची अंडी, खालून एअर पंपाचे बुडबुडे, वर दिवा. 24 ते 36 तासांत केशरी ठिपके वळवळायला लागतात. मग हवा बंद करा, टरफलं वर तरंगतात. बाटलीच्या तळाशी उजेड धरला की जिवंत अर्टेमिया तिकडे गोळा होतो. बारीक नळीने ओढून घ्या, गोड्या पाण्याने धुवा आणि लगेच घाला. फार वेळ ठेवला तर त्यातला कस कमी होतो.

(क्लोजअप: पिल्लाचं पोट)

इथे थांबा, हे बघाच. पोट आरपार आहे ना, त्यामुळे खाल्लेला अर्टेमिया बाहेरून दिसतो. पोट केशरी आणि टम्म दिसलं की जेवण झालं. मला घड्याळापेक्षा याच्यावर जास्त विश्वास आहे. पोट केशरी आहे, तर हात मागे.

पाणी एक दिवसाआड 15-20 टक्के बदला, क्लोरीन काढलेलं आणि त्याच तापमानाचं. तळातली घाण एअर पंपाच्या बारीक नळीने ओढा आणि ती पांढऱ्या बादलीत सोडा. एखादं पिल्लू ओढलं गेलंच, तर पांढऱ्या तळावर लगेच दिसतं.

चार ते सहा आठवड्यांत नर-मादी ओळखू येतात. नराचा पोटाखालचा पर टोकदार, काडीसारखा होतो. पर लांबायला लागलेला दिसला की लगेच नर वेगळे करा, नाहीतर बहीण-भावांचीच पुढची पिढी तयार. मोठ्या टँकमध्ये सोडायला घाई नको; मोठ्या माशांच्या तोंडात मावणार नाहीत एवढी होऊ द्या, म्हणजे साधारण दोन महिने. जास्त झाली तर दुसऱ्या पाळणाऱ्यांना द्या, पण ओढ्यात, तळ्यात सोडू नका. गप्पी जिथे गेले तिथे स्थानिक माशांच्या जागेवर त्यांनी कब्जा केलाय.

आणि हो, या पिल्लांच्या आईला आता एकटं ठेवलं म्हणून निवांत होऊ नका. नराचं बीज ती पोटात कित्येक महिने साठवून ठेवते. नर नसला तरी साधारण महिन्याभरात पुढची बॅच येईल, तेव्हा मॉस तयार ठेवा.