सव्वा महिना

(दृश्य: पहाट. कौलारू घर, अंगणात धूर. आतून तान्ह्या बाळाचं रडणं.)

बाळंतिणीची खोली. दार लोटलेलं, खिडकीवर जुनं लुगडं टांगलेलं. खाटेखाली शेगडी धुमसते आहे. सव्वा महिना बाळंतिणीनं उंबरठा ओलांडायचा नाही आणि परक्यानं आत यायचं नाही.

या रीतीला सरसकट नावं ठेवू नयेत. पाण्याच्या खेपा, धानाची कामं यांतून बाईची सुटका व्हायची, ती एवढ्याच दिवसांपुरती. पण बाळ आजारी पडलं, तर ते याच लोटलेल्या दारामागे. मोठ्या माणसासारखं ते कण्हत नाही. दूध ओढेनासं होतं, आवाज बारीक होतो, तळवे गार पडतात. घरचे कौतुकानं म्हणतात, "गुणी आहे बाई, नुसतं झोपून असतं."

(दृश्य: गडचिरोलीचं जंगल, पायवाट.)

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत आले, १९८६ साली त्यांच्या 'सर्च' या संस्थेचं काम उभं राहिलं. तेव्हा इथली बहुतेक बाळं घरातच जन्मत आणि दगावत तीही घरातच. दवाखाना लांब. जवळ असता तरी ओल्या बाळंतिणीला आणि चार दिवसांच्या जिवाला बाहेर काढायला घर तयार होणं अवघड. मग उरलेला रस्ता एकच होता. उपचारानंच त्या खोलीत जायचं.

पण आत शिरणार कोण? डॉक्टरला तिथे मज्जाव नसला, तरी संकोच होताच. गावचीच सून, गावचीच काकू मात्र सहज जाते. अशा थोड्याफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं गेलं. वजनाचा काटा, तापमापी, बाळाला गुंडाळायची उबदार पिशवी असं सामान त्यांच्या झोळीत. जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून त्या इंजेक्शनही देत. डिग्री नसलेल्या बाईच्या हातात सुई! आजही हे ऐकून कुणी दचकेल.

(दृश्य: मण्यांची पाटी, शेजारी वाळूचं घड्याळ. हळूहळू जवळून.)

ही पाटी जरा थांबून पाहा. आकडेमोड न येणाऱ्या सुईणींसाठी 'सर्च'नं ती बनवली. बाळाचे दहा श्वास झाले, की एक मणी सरकवायचा. मिनिटाची वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर श्वास फार जलद, न्यूमोनियाचा धोका. साठापर्यंत मोजायची गरजच नाही. शहाणपण बाईत होतंच, फक्त आकडा आडवा येत होता. तो काढून टाकला.

१९९५ पासून ३९ गावांत ही घरपोच काळजी सुरू झाली. तिसऱ्या वर्षापर्यंत, ही सेवा नसलेल्या गावांच्या तुलनेत, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. २०११ मध्ये केंद्र सरकारनं घरच्या घरी नवजात काळजीचं काम देशभरातल्या आशांकडे, म्हणजे गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविकांकडे, सोपवलं.

(दृश्य: सायकल टेकवून आशाताई अंगणात. हात धुताना.)

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल, तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. सहा भेटी. सव्वा महिना आणि वर थोडे दिवस! सरकारी तक्ता आणि आजीची रीत इतकी जवळ क्वचितच येत असतील.

"बाळ दूध पेते का, माय?" ती विचारते. आधी हात धुते, मग काखेत तापमापी लावते. अंगावरचं पहिलं पिवळसर दूध टाकून दिलं नाही ना, मध चाटवला नाही ना, हे बोलता बोलता काढून घेते. आजी गुटीची वाटी पदराआड सरकवते. आशाताई पाहते आणि पाहिलंच नाही असं दाखवते. पुढच्या भेटीत विषय काढायचा, आज आजी दुखावली तर परवा दार उघडणार नाही.

बाप ओट्यावर तंबाखू मळत बसलेला. त्याला आत बोलावलं जातं. कमी वजनाच्या बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब द्यायची, हे बापालाही जमतं. लाजत का होईना, तो सदऱ्याची बटणं काढतो.

या सगळ्याचा मोबदला योजना आली तेव्हा ठरला, तो बाळामागे २५० रुपये. भेटीमागे बेचाळीसही भरत नाहीत. सायकलचं पंक्चर वेगळं.

(दृश्य: बेचाळिसावा दिवस. झोळीच्या काट्यात बाळ, काटा थरथरतो.)

वजन वहीत चढतं. गुटीची वाटी फळीवर पालथी आहे. निरोप द्यायला बाळंतीण अंगणापर्यंत येते, उन्हानं डोळे मिचकावते. आशाताई वहीचं पान उलटते. पलीकडच्या टोल्यावर, त्या छोट्या वस्तीत, आज कुणाचा तरी सातवा दिवस आहे.