डाखाऊच्या भिंतीवरचं नाव

श्रोतेहो, नमस्कार.

म्युनिकच्या मुख्य स्टेशनावर एस-टू ही लोकल पकडली की पंचवीसेक मिनिटांत डाखाऊ येतं. स्टेशनबाहेरून ७२६ नंबरची बस. घरं, बागा, खिडक्यांतल्या कुंड्या बघत थोडा वेळ जातो आणि बस छळछावणीपाशी येऊन थांबते. मी तिथेच चरकले. अशी जागा वस्तीपासून लांब, कुठेतरी रानात असेल, असं मी धरून चालले होते.

ही छावणी २२ मार्च १९३३ ला सुरू झाली. हिटलर सत्तेवर येऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. आधी राजकीय विरोधक आणले, मग ज्यू, रोमा म्हणजे जिप्सी लोक, पाद्री, युद्धकैदी. २९ एप्रिल १९४५ ला अमेरिकी सैन्य आत शिरलं. तोवरच्या बारा वर्षांत इथे आणि इथल्या उपछावण्यांत दोन लाखांहून जास्त माणसं डांबली गेली. त्यांतली ४१ हजारांहून अधिक जिवंत बाहेर पडली नाहीत.

फाटकावर लोखंडी अक्षरं आहेत: काम करा, मुक्त व्हाल. इतका निर्दय खोटेपणा मी दुसरीकडे वाचलेला नाही. फाटक ओलांडलं की हजेरीचं भलंमोठं मैदान लागतं. चौतीस बराकींपैकी दोन नमुन्यादाखल पुन्हा बांधल्यात. बाकीच्यांच्या जागी नुसते चौथरे, त्यांत खडी आणि पुढे बराकीचा क्रमांक. मी एकेक क्रमांक वाचत चालत राहिले. पायांखालच्या खडीचा आवाजही नकोसा वाटत होता.

रस्त्याच्या टोकाला, ओढ्यापलीकडे शवदाहगृह आहे. मी आले होते ती इथल्या भिंतीवरच्या एका पाटीसाठी. पाटीवर चार स्त्रियांची नावं आहेत, त्यांतलं एक नूर इनायत खान. तिचे वडील, सूफी गायक-वादक इनायत खाँ, आपल्या सयाजीरावांच्या बडोद्यात जन्मले आणि वाढले. त्यांचे आजोबा मौलाबक्ष यांनी महाराजांच्या आश्रयाने तिथे गायनशाळा काढली होती. नूर स्वतः वीणा वाजवायची, मुलांसाठी गोष्टी लिहायची. जून १९४३ मध्ये ती ब्रिटिशांची गुप्त वायरलेस ऑपरेटर म्हणून फ्रान्समध्ये उतरली. सोबतचे लोक भराभर पकडले जात असताना ती पॅरिसमधून संदेश पाठवत राहिली. ऑक्टोबरमध्ये पकडली गेली. त्यानंतरचे कित्येक महिने तिने जर्मनीतल्या तुरुंगात साखळदंडांत काढले. १३ सप्टेंबर १९४४ ला तिला आणि तिच्या तीन सहकारी स्त्रियांना इथे गोळ्या घातल्या. नूर तीस वर्षांची होती.

पाटीसमोर उभी राहून मी तिचं नाव मोठ्याने वाचलं. शेजारी शाळेतली जर्मन मुलं शिक्षिकेबरोबर गप्प उभी होती. त्यांतल्या एका मुलीने वळून माझ्याकडे पाहिलं, मग पाटीकडे.

म्युनिकला जाणार असाल तर एक कळकळीची विनंती. सकाळी डाखाऊ आणि दुपारी राजवाडा, असा बेत आखू नका. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. दिवस मात्र अख्खा द्या. आणि कधी बडोद्याला गेलात तर सूरसागर तलावाजवळच्या संगीत महाविद्यालयावरून चक्कर मारा. मौलाबक्षांची गायनशाळा ती हीच.