एकदा बटण दाबलं की

[कॅबिनेटचं बटण, त्यावर बोट. पंखा फिरतो, थांबतो.]

एकदा दाबलं. पंखा दोन-तीन सेकंद फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

गिरगावातल्या या डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर पत्रिका-पुस्तिका जुळवून द्यायच्या दुकानात गेले दोन महिने दिवस असाच उजाडतोय. चौथ्या-पाचव्या खेपेला मशीन धरायचं. एकदा धरलं की दुकानातल्या ताई ते रात्रीपर्यंत बंद करायच्या नाहीत. जेवायला गेल्या तरी चालूच. काल मात्र दहा वेळा दाबूनही पडदा काळाच राहिला.

[टॅक्सीच्या मागच्या सीटवर कॅबिनेट, त्यावर ताईंचा हात.]

पाटीवर नाव आहे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. टॅक्सीवाल्याला लॅमिंग्टन रोडच सांगावं लागतं, मुंबईतला कॉम्प्युटरचा बाजार तो. वाटेत एका दुकानात मशीन न उघडताच निकाल मिळाला होता: "मदरबोर्ड गेला. नवीन मशीन घेऊन टाका."

पण नवीन घेऊन भागत नाही. का, ते कॅबिनेटच्या मागे आहे.

[मागची बाजू. पोर्टला लावलेलं लॉक, जवळून.]

प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टला लावलेलं हे काडेपेटीएवढं लॉक. ते नसेल तर ताईंचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर उघडत नाही, आणि आजच्या कॉम्प्युटरला असं पोर्ट बहुधा नसतंच. पानं लावलीत पेजमेकर ७ मध्ये, म्हणजे २००१ सालच्या आवृत्तीत. फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे आज सगळ्या मशीनवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या आधीचे. पडद्यावर 'क' दिसतो, पण फाइलच्या पोटात त्या जागी इंग्रजी अक्षराचा आकडा असतो. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर लग्नपत्रिका उघडा, श्रीगणेशाय नमःच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चुरा दिसेल. युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, मजकूर बराचसा वाचवता येतो. मांडणी टिकत नाही, आणि जोडाक्षरं एकेक करून तपासावी लागतात. इथे वीस वर्षांच्या पत्रिका आहेत, मंडळांची पावतीपुस्तकं आहेत, आरत्यांच्या पुस्तिका आहेत.

[पहिल्या मजल्यावरचा गाळा. टेबलावर दिवा, मल्टिमीटर, खोडरबर.]

"काका, होईल ना?"

"उघडू तर द्या, ताई."

दुरुस्ती करणाऱ्या काकांनी सगळ्यात आधी हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवली. तिची नक्कल झाल्याशिवाय ती पुन्हा जोडायची नाही, हा इथला नियम.

मग रॅमची, म्हणजे मेमरीची पट्टी. तिचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबरने पुसले जातात. ऐकायला साधं वाटतं, पण कितीतरी जुनी मशीन एवढ्यावरच उठून बसतात. हे उठलं नाही.

[हिरवी आणि काळी वायर, मध्ये तारेचा तुकडा.]

आता एसएमपीएस, म्हणजे घरातली वीज मशीनला लागेल तेवढ्या व्होल्टांची करून देणारा डबा. त्याची जाड वायर बोर्डातून सोडवून हिरवी आणि काळी एका तारेने जोडली. बोर्डाशिवायच पंखा फिरायला लागला. पिवळ्या वायरवर बारा व्होल्ट हवेत, लालवर पाच, नारिंगीवर तीन पूर्णांक तीन. पाच टक्के इकडेतिकडे चालतं. काकांचा मीटर बाराच्या आसपास स्थिर आहे. म्हणजे वीज बरोबर येतेय, पुढे कुठेतरी अडतेय.

आणि हे बघा.

[प्रोसेसरच्या शेजारची कपॅसिटरची रांग. कॅमेरा सावकाश जवळ.]

ही ॲल्युमिनियमची नळकांडी म्हणजे कपॅसिटर. डोकं सपाट असायला हवं. यातल्या पाचांचं डोकं टम्म फुगलंय, एकाच्या माथ्यावर तपकिरी डाग सुकलाय. माथ्यावरची ती फुली मुद्दाम कोरलेली असते. आतला दाब वाढला की नळकांडं फुटण्याऐवजी तिथून उकलावं, म्हणून. एसएमपीएसमधून आलेल्या बारा व्होल्टांचे इथे साधारण दीड व्होल्ट होतात, आणि प्रोसेसरला ते संथ, न हेलकावता मिळावे ही या रांगेची जबाबदारी. आतलं द्रावण खराब झालं की वीज हेलकावते, प्रोसेसर उठतो आणि कोसळतो. चौथ्या-पाचव्या खेपेला मशीन का धरायचं, तेही यातच आलं. आधीच्या खेपांनी कपॅसिटर थोडे गरम व्हायचे आणि गरम झाले की जरा बरं काम करायचे.

या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत बनलेले असे असंख्य कपॅसिटर जगभर वेळेआधी फुगले. ताईंनी मशीन नीट वापरलं नाही, असा अर्थ यातून निघत नाही. बोर्ड गेला, असाही नाही.

[सोल्डरिंगचं टोक, धूर.]

कपॅसिटरचे पाय बोर्डाला जोडणारा सोल्डरचा जुना डाग काढणं सोपं नाही. बोर्ड अनेक थरांचा, आतलं तांबं सगळी उष्णता ओढून घेतं, टोक टेकवून ठेवलं तरी डाग वितळत नाही. म्हणून काका आधी त्यावर ताजं सोल्डर घालतात. नवं जुन्याला सोबत घेऊन वितळतं. मग वितळलेलं सोल्डर ओढून घेणाऱ्या सकरची एक टिचकी, आणि भोक मोकळं. घाईने ओढलं तर भोकाच्या आतला तांब्याचा मुलामा कपॅसिटरबरोबर निघून येतो, आणि मग मात्र बोर्ड खरंच गेला. हे हात वर्षानुवर्षांत तयार होतात. बोर्ड बदलून द्यायला त्यांची गरज पडत नाही, म्हणून असे हात कमी होत चाललेत, आणि ते राहिले पाहिजेत.

नवे कपॅसिटर एकशे पाच अंश सेल्सिअसपर्यंत तग धरणारे. पट्टा असलेली बाजू ऋण. ती उलटी बसली की सगळं मुसळ केरात. पाचही बसले. जाता जाता मशीनचं घड्याळ चालू ठेवणारा नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेलही बदलला.

[भंगाराच्या गोण्या, उघडे बोर्ड.]

न दुरुस्त झालेली मशीन इथे येतात. जुन्या बोर्डांत शिसं असतं.

[बटण. बोट.]

एकदाच दाबलं. पंखा फिरतोय. एक बीप.

पडद्यावर पांढरी अक्षरं आली. सेल बदलल्याने मशीनला वेळेचा विसर पडलाय, ते २००४ सालची १ जानेवारी दाखवतंय. काका तारीख लावतात. इंटरनेटची वायर जोडायची नाही, हे ताईंना पुन्हा बजावतात. या विंडोज एक्सपीचा सुरक्षेचा आधार ८ एप्रिल २०१४ लाच थांबलाय.

नक्कल झालेली डिस्क जोडली जाते. मागे लॉक बसतं. पेजमेकर उघडतं, मग एक आरतीची पुस्तिका, सगळ्या काना-मात्रांसकट.

[ताईंचा चेहरा, पडद्याच्या उजेडात. निवेदन नाही.]

ताई फाइल बंद करतात. मग मशीनही बंद करतात. आणि पुन्हा बटण दाबतात.